सौंदर्यप्रसाधनांच्या मोठ्या कंपनीत काम केलेल्यांचे अनुभव हवेत (सातारा, शिरवळ, सांगली)

अजिंक्यतारा_पायथा

मंडळी, माझ्या मामेबहिणीला नोकरीचं पत्र आलंय. बी.कॉम. झालीय, बोलायला चुणचुणीत आहे. एका मोठ्या, जाहिरातींतून घराघरात माहीत असलेल्या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या काउंटरवर ब्युटी अ‍ॅडव्हायझर म्हणून काम आहे. दुकान इथलंच, साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला. गणवेश कंपनीचा, ओळखपत्र कंपनीचं, ट्रेनिंग पुण्यात कंपनीच देणार. पत्र मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या कुठल्याशा एजन्सीच्या लेटरहेडवर आहे.

मामा म्हणतो, एवढी मोठी कंपनी, डोळे झाकून जा. मामीचा जीव टांगणीला, कारण घरी यायला रात्र होणार आणि रहिमतपूरची एसटी गाठायची म्हणजे रोजची धावपळ. बहिणीला मात्र मनापासून जायचंय.

पगाराचे आकडे आम्हाला कळलेत. आत माणसाला कसं वागवतात, सुट्टी मागितली तर काय होतं, चूक झाली तर चारचौघांत बोलतात का, बाईमाणसाला सुरक्षित वाटतं का, हे ज्यांनी काम केलंय त्यांच्याकडूनच कळेल. एक विनंती, कंपनीचं नाव कुणीच लिहू नका. माझ्या बहिणीच्या कंपनीचंही लिहिणार नाही.

सावळी_सई

मी हेच काम काही वर्षं केलंय, आधी साताऱ्यात आणि मग कराडला. सविस्तर लिहिते.

आधी चांगलं. ट्रेनिंग उत्तम होतं. त्वचेचा प्रकार कसा ओळखायचा, फाउंडेशनची शेड हाताच्या मागच्या बाजूवर न बघता जबड्याच्या कडेला लावून का बघायची, दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली रंग फसवा का दिसतो आणि गिऱ्हाइकाला दाराशी उजेडात का न्यायचं, हे सगळं मी तिथे शिकले. अनोळखी माणसाशी नजर वर करून बोलायला शिकले. पहिला पगार हातात आला तेव्हा घरात माझ्या शब्दाला वजन आलं. हे मी कधीच नाकारणार नाही.

आता दुसरी बाजू. काउंटरवर बसायचं नाही. नुसतं गर्दीच्या वेळी नाही, कधीच नाही. दुपारी अडीच-तीनला दुकानात चिटपाखरू नसतं, तेव्हाही उभंच राहायचं. स्टूल मागितलं तर दुकानाचे मॅनेजर म्हणाले, "बसायला आलीस व्हय?" पाळीच्या दिवसांत पोटऱ्यांना गोळे यायचे. घरी गेल्यावर आई गरम पाण्याची बादली तयारच ठेवायची.

टार्गेटचं सांगते. दर महिन्याला आकडा ठरलेला. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी तो सहज होतो. पितृपक्षात किंवा ऐन पावसाळ्यात दुकानात माणूस फिरकत नाही, आकडा मात्र तोच. मग महिनाअखेरीला आम्ही मुली पदरमोड करायचो. स्वतःच्या पैशांनी दोन लिपस्टिक, एक सीरम विकत घ्यायचं, आकडा पुरा करायचा आणि तेच नंतर चुलत्या-मावश्यांना कमी भावात द्यायचं. 'असं करा' असं कुणी तोंडाने सांगत नव्हतं. पण आकडा चुकला की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लाल रंगात नाव यायचं, साऱ्या पश्चिम महाराष्ट्राच्या मुलींना दिसेल असं. त्यातून जे समजायचं ते समजत होतंच.

सगळ्यात लागलेली गोष्ट रंगाची. मी सावळी. एकदा कंपनीच्या कार्यक्रमासाठी फोटो काढायचे होते तर वरच्या मॅडम म्हणाल्या, दोन शेड उजळ लाव, कॅमेऱ्यात बरं दिसतं. चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची घेऊन मी त्या दिवशी उभी होते. ट्रेनिंगमध्ये मला शिकवलं होतं की ही चूक गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर कधी करायची नाही. शिवाय गडद शेड आमच्या काउंटरला येतच नसत. "इकडे चालत नाहीत" म्हणे. अहो, माण-खटावच्या उन्हात राबलेल्या बायका लग्नाच्या खरेदीला साताऱ्यात येतात, त्यांना काय लावायचं मी? एका नवऱ्या मुलीला परत पाठवलं होतं, आमच्याकडे तिची शेडच नव्हती.

२०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं तेव्हा आमच्या धंद्यात खूप चर्चा झाली. ती कंपनी आमची नव्हे, पण वारं सगळीकडेच बदललं. आमच्याही ट्रेनिंगच्या पुस्तकातून 'गोरेपणा' गेला. काउंटरवर तो जायला वेळ लागतोय.

पाचवडकर

सईताई, अगदी मनातलं लिहिलंत. माझी बायको हेच काम करते, दुसऱ्या कंपनीत. महिनाअखेरीला आमच्या कपाटात क्रीमचे डबे वाढतात, ते का हे आज नीट कळलं. तिने कधी सांगितलं नव्हतं.

शिरवळ_सेकंड_शिफ्ट

काउंटरचं मला माहीत नाही, मी प्लँटमध्ये आहे. शिरवळच्या पट्ट्यात, पॅकिंग लाईनला. कंपनी वेगळी असेल, पण माल तोच, क्रीम, शाम्पू, पावडर.

आमच्याकडे दोन जगं आहेत. ऑपरेटर कायम, त्यांना वेगळ्या रंगाचा गणवेश. पॅकिंगच्या बाया सगळ्या कंत्राटदाराच्या. कँटीन एकच, जेवण एकच आणि जेवण चांगलं असतं, खोटं का बोला. एसी हॉल, स्वच्छता म्हणाल तर आमच्या घरात नसेल इतकी. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात बांगडी चालत नाही, नखं रोज तपासतात. बॅच बदलली की लाईन पूर्ण रिकामी करून, पुसून, आधीच्या मालाचं एक लेबलसुद्धा उरलं नाही याची सही झाल्याशिवाय पुढचा माल सुरू होत नाही. त्या सहीला सुपरवायझरसुद्धा घाबरतो. एवढी शिस्त मालाच्या बाबतीत असते तर ती हजेरीच्या बाबतीत का नसते, हा माझा प्रश्न आहे.

म्हणजे बघा, शिफ्ट सुटायच्या वेळेला सुपरवायझर येतो, "अजून दीड तास, ट्रक उभाय." थांबावं लागतं. तो दीड तास कंत्राटदाराच्या वहीत कधी येतो, कधी येत नाही. दिवाळीचा माल श्रावण-भाद्रपदात निघतो, त्यामुळे गौरी बसायच्या दिवशी सुट्टी मिळणं म्हणजे नशीब. आमच्यातल्या एकीच्या घरी गौरी होत्या. तिने आधी अर्ज दिला होता, तरी 'नाही' आलं. ती गेली घरी. परत आल्यावर तिचा गेटपास बंद. कंपनीचा एचआर म्हणाला, ती आमची कामगार नाही, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, कंपनीने बंद केलाय, मी काय करू.

आणि गाडीचं. आम्ही भुईंज, पाचवड, सुरूरच्या बाया कंपनीच्या बसने येतो-जातो. रात्री सुटल्यावर खंबाटकीच्या घाटात एखादा कंटेनर बंद पडला की बस तिथेच अडकते. घरी पोचायला मध्यरात्र उलटते. दुसऱ्या दिवशी थोडा उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. घाट आमच्या हातात आहे का?

विश्रामबागकर

मी सांगलीचा, सेल्समध्ये होतो. सेल्स ऑफिसर, म्हणजे डिस्ट्रिब्युटर सांभाळायचे, सांगली-मिरज-जत-विट्यापर्यंत दुकानं करायची.

आमच्याकडे लाल नाव नव्हतं, कॉन्फरन्स कॉल होता. रोज संध्याकाळी. प्रत्येकाने आपला आकडा सगळ्यांसमोर सांगायचा आणि कमी असेल तर वरचे साहेब सगळ्यांसमोर उतरवायचे. पन्नाशीच्या माणसाला पोराच्या वयाच्या मॅनेजरकडून शिव्या खाताना मी ऐकलंय. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल ढकलायचा, मग पुढचा महिनाभर त्याची बोलणी खायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ सगळं पाण्यात. आमच्या डिस्ट्रिब्युटरचं गोदाम छतापर्यंत बुडालं. त्या आठवड्यात मला वरून आलेला पहिला फोन महिन्याच्या आकड्याचा होता. मी साहेबांना म्हणालो, साहेब, दुकानंच पाण्यात आहेत. ते म्हणाले, मग विट्याला जा, तिथे पाणी नाही ना?

पण सगळंच तसं नव्हतं, तेही लिहायला हवं. त्याच कंपनीतल्या दुसऱ्या एका एरिया मॅनेजरने स्वतः येऊन डिस्ट्रिब्युटरबरोबर चिखलातला माल मोजला, फोटो काढले, भिजलेल्या मालाची भरपाई मिळावी म्हणून मुंबईशी भांडला आणि बरीचशी मिळवूनही दिली. एकाच कंपनीचे दोन साहेब. त्यामुळे अजिंक्यतारा, तुमच्या बहिणीला सांगा, कंपनी किती मोठी याच्याइतकंच तिचा वरचा माणूस कोण आहे हे विचारून घे. आधीच्या मुलीने काउंटर का सोडलं, हे त्याच दुकानातल्या शेजारच्या काउंटरवाल्या मुलीला विचार. ती खरं सांगेल.

कराडची_लेक

मी मूळची कराडची, मुंबईत याच क्षेत्रातल्या एका मोठ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात अनेक वर्षं होते. वरचं वाचून वाईट वाटलं, आणि माझा अनुभव इतका वेगळा आहे की लिहिताना संकोच वाटतोय.

मला पूर्ण २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली. परत आल्यावर पाळणाघर इमारतीतच होतं. साहेबांना नावाने हाक मारायची पद्धत, मीटिंगमध्ये कनिष्ठ मुलीचंही म्हणणं ऐकून घ्यायचे. या धंद्यात बाई वरपर्यंत जाते हेही खरं आहे. टाटा ऑइल मिल्सने १९५२ मध्ये 'लॅक्मे' सुरू केली, तिथे सिमोन टाटा १९६१ मध्ये संचालक मंडळावर आल्या आणि १९८२ मध्ये अध्यक्ष झाल्या. त्या काळात आपल्याकडे किती कंपन्यांच्या प्रमुख बायका होत्या? म्हणून मला वाटतं, सरसकट वाईट म्हणू नये.

सावळी_सई

कराडची_लेक ताई, तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्या कार्यालयात पाळणाघर होतं, त्याच वेळी माझ्याबरोबरची मुलगी पाचव्या महिन्यात काउंटरवर उभी होती. सातव्यात तिला एजन्सीने सांगितलं, तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय, नूतनीकरण होणार नाही. कंपनी तीच, लिपस्टिक तीच. फरक कागदाचा, तुमचं पत्र कंपनीचं आणि तिचं एजन्सीचं. वरची संस्कृती साताऱ्याच्या काउंटरपर्यंत पोचत नसेल तर ती आमच्यासाठी नसल्यातच जमा.

कराडची_लेक

मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या टेबलावर तुमचे आकडे यायचे, तुम्ही येत नव्हतात.

कामगार_सल्लागार_सांगली

कामगार कायद्याचं काम करतो, म्हणून वरच्या प्रत्येकाला थोडं थोडं.

सईताईंच्या मैत्रिणीबद्दल आधी. बाळंतपणाच्या रजेचा हक्क कंत्राटी मुलीलाही आहे. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. गरोदरपणामुळे काढून टाकणं बेकायदा आहे. 'नूतनीकरण नाही' ही पळवाट सर्रास वापरतात, पण तारखा जुळवून दाखवल्या तर ती टिकवणं अवघड जातं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे.

शिरवळच्या ताई, ज्यादा कामाचा पगार दुप्पट दराने द्यावा लागतो आणि कंत्राटदाराने तो बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. "ती आमची कामगार नाही" हे पैशाच्या बाबतीत चालत नाही. थांबल्याची वेळ स्वतःच्या वहीत रोज लिहा, बसमध्ये चढल्याची वेळही. पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो.

बसण्याबद्दल. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमातच होतं की उभं राहून काम करणाऱ्यांना, काम न अडता बसता येईल तेव्हा बसण्यासाठी सोय हवी. दुकानांच्या बाबतीत केरळने २०१८ मध्ये कायदा बदलला. कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी अनेक वर्षं लढा दिला होता. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला. २०२० च्या सुरक्षा आणि आरोग्य संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कारखाना कायद्याच्या जागी लागू झालीय. नेमणुकीचं पत्र प्रत्येकाला देणंही आता बंधनकारक आहे.

अजिंक्यतारा, बहिणीच्या पत्रात तीन गोष्टी बघा. मूळ पगार किती आणि भत्ते किती, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कुणाच्या नावाने भरणार, आणि कामाचे तास. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो, तिच्या पगारातून ०.७५ टक्के जातील आणि मालक ३.२५ टक्के भरेल. पहिल्या दोन महिन्यांतच पीएफचं पासबुक 'उमंग' या सरकारी अ‍ॅपवर उघडून बघायला सांगा. पगारातून कापलेत म्हणजे भरलेच असं नसतं.

केशरंग_मिरज

मी सलूनला माल देणाऱ्या कंपनीत ट्रेनर होते, केसांच्या रंगाचं. आमचा विषय वेगळाच, कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते.

केसांच्या रंगातलं पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन, अनेकांच्या हाताला उठतं. खाज, भेगा, पाणी सुटणं. ब्लीचच्या पावडरीतली परसल्फेट नाकातोंडात गेली की काहींना दमा लागतो. कुठल्याही त्वचेच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना विचारा, केशकर्तन करणाऱ्यांचा हा ओळखीचा आजार आहे. कंपनीच्या पुस्तकात हातमोजे, मास्क, हवेशीर जागा, सगळं छापलेलं होतं. पण डेमोला गेले की साहेब म्हणायचे, मोजे काढून दाखव, मोज्याने गिऱ्हाईक घाबरतं. मला बोटांच्या पेरांना भेगा पडल्या तेव्हा सुट्टी मिळाली नाही, हात पदराआड धरायला सांगितलं. बहिणीला टेस्टर हाताळायचे असतील, दिवसभर सुगंध आणि पावडरीत राहायचं असेल, तर आधीपासून अ‍ॅलर्जी असेल तर लेखी कळवून ठेवू दे.

अजिंक्यतारा_पायथा

सगळ्यांचे आभार. आम्ही घरात बसून हा धागा मोठ्याने वाचला, मामासकट. पत्र पुन्हा बघितलं. मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहिलेत. पीएफ एजन्सी भरणार. तासांच्या जागी 'दुकानाच्या वेळेनुसार' एवढंच आहे. बहिणीने एजन्सीला मेल करून तास आणि साप्ताहिक सुट्टी लिहून मागितलीय. तिने स्वतः लिहिलेला मेल आहे, मी हात लावला नाही.

मामीचा एक प्रश्न आहे. गिऱ्हाईकच त्रास द्यायला लागलं तर? काउंटरवर पुरुषही येतात, बायकोसाठी घ्यायला म्हणून. कुणी उगीच हात धरला, नंबर मागितला, तर मुलीने कुणाकडे जायचं? दुकान म्हणणार ती कंपनीची, कंपनी म्हणणार एजन्सीची.

कामगार_सल्लागार_सांगली

मामींचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि याचं उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी म्हणजे कंत्राटी, तात्पुरती, शिकाऊ, सगळी आली, कुणामार्फतही लागलेली असो. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून १९ व्या कलमात लिहिलंय, म्हणजे गिऱ्हाईकही त्यात आलं. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिला, निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. समितीच्या सदस्यांची नावं दिसतील अशी लावलेली हवीत. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. जागा लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. हात धरणं हा गुन्हाही आहे, त्यासाठी पोलिसांत वेगळं जाता येतं.

सावळी_सई

मामींना माझ्याकडूनही. आम्ही मुलींनी आपसात ठरवलं होतं, असा माणूस आला की शेजारच्या काउंटरवरची "शेड संपलीय का गं?" म्हणत येऊन बाजूला उभी राहायची. ब्रँड एकमेकींचे वैरी असले तरी यात कुणी मागे हटत नव्हतं. एकदा दुकानाच्या मॅनेजरांनी, स्टूल नाकारलं त्यांनीच, एका माणसाला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काउंटरवाल्यांशी ओळख करून घे म्हणावं.

विश्रामबागकर

आणि मेल पाठवलाय ते उत्तम केलं. त्याला उत्तर काय येतं आणि किती दिवसांत येतं, त्यावरूनच बरंचसं कळेल.

शिरवळ_सेकंड_शिफ्ट

सल्लागार साहेब, तुमचं ४४ वं कलम मी कागदावर लिहून नेलं. आम्ही लेबलिंगच्या टेबलावरच्या बाया मिळून सेफ्टी ऑफिसरकडे गेलो. एकटी गेले असते तर गेटपासची भीती होती. तो म्हणाला, कलम बरोबर आहे, लेखी द्या. दिलं, सगळ्यांच्या सह्यांनी, कंत्राटदाराच्या आणि कायम अशा दोन्ही बायांच्या. कायमच्या बायांनी सही केली हे विशेष, त्यांना काही गरज नव्हती.

लेबलिंगच्या टेबलाला उंच स्टुलं आलीत. फिलिंग लाईनला नाही म्हणाले, तिथे बाटली अडकली तर लगेच हात घालावा लागतो, बसून होत नाही, आणि ते खरंही आहे. मग आम्ही म्हटलं, फिलिंगच्या बायांना दोन तासांनी लेबलिंगला आणा आणि आम्ही तिकडे जाऊ. सुपरवायझर नको म्हणतोय, बदली केली की वेग पडतो म्हणतो. पुढच्या महिन्यात सेफ्टी कमिटीची मीटिंग आहे, त्यात हा विषय घेतलाय. गेटपास बंद झालेल्या बाईचाही अर्ज सोबत जोडलाय.